"बंद पडलं" एवढंच सांगू नका



"बाई, गणित येत नाही," असं मूल म्हणालं की आपण विचारतो, कुठे अडलं? हातचा घेताना की वजा करताना? पण संगणकावर प्रोग्राम अचानक बंद पडला तर आपण काय सांगतो? "बंद पडलं." माझंही तेच झालं. चौथीची अर्धी प्रश्नपत्रिका गेली, चिडचिड केली, परत टाइप केली. कळवलं कुणालाच नाही. ती चूक माझी, असं मला आता वाटतं.

इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर घ्या. 1985 पासून तो सर्वांसाठी खुला आहे, त्याचा कोड कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. पण दुरुस्त करणाऱ्याला तो आधी स्वतःच्या संगणकावर बंद पाडता आला पाहिजे ना! म्हणून त्याच्या माहितीपुस्तिकेत तक्रार कशी लिहावी यावर वेगळा भागच आहे. अंदाज नको, काय केलं आणि काय घडलं ते क्रमाने लिहा. आधी 'इमॅक्स -क्यू' अशी सुरुवात करा, म्हणजे आपण केलेली सेटिंग्ज बाजूला राहतात. तरी बंद पडला, तर दोष बहुधा मूळ प्रोग्रामात. मग फाइल अर्धी कापा, पुन्हा बघा. परत अर्धी. कधी कधी एखादी ओळच उरते, आणि दुरुस्त करणाऱ्याला तेवढी पुरते. (आपणही अवघड गणित असंच लहान करून देतो की.)

"हे इंजिनिअर लोकांचं काम," असं म्हणाल. मला पटत नाही. आपली जोडाक्षरं नीट जुळवून दाखवायला इमॅक्स 2020 च्या 27 व्या आवृत्तीपासून हार्फबझ ही लायब्ररी वापरू शकतो. तिथे काही बिघडलं तर फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला ते कसं दिसणार? ते आपल्यालाच दिसणार. इंग्रजी साधं, मोडकं असलं तरी चालतं. पायऱ्या बरोबर हव्यात.

एक काळजी मात्र घ्या. ही तक्रार आणि तिला जोडलेली फाइल जगात कुणालाही वाचता येते. हजेरीची किंवा गुणांची फाइल तशीच पाठवू नका. मुलांची नावं, आधार क्रमांक काढून तिथे अ, ब, क लिहा. आणि पाठवण्याआधी ती फाइल पुन्हा उघडून बघा, अजून बंद पडतोय ना!