बियाण्याची जात आणि बोलणाऱ्याची जात

खानदेशातला शेतकरी बियाण्याच्या वाणाला 'जात' म्हणतो. मे महिन्यात कृषी केंद्रात शिरणारा माणूस यंदा कोणती जात चांगली, असे विचारतो, तेव्हा बोंडाचा आकार, वेचणीची सोय, पाण्याचा ताण सोसण्याची ताकद एवढे सगळे त्या एका शब्दात आलेले असते. बीटी कापसावर आपल्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ जी चर्चा चालू आहे, तिच्यात मात्र बियाण्याची जात मागे पडली आणि बोलणाऱ्याची जात पुढे आली. बोलणारा कोणत्या गोटातला, हे एकदा ठरले की तो काय बोलतो हे ऐकण्याची गरज उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. विषय होता 'जनुकीय बियाणे : शाप की वरदान?' बहुतेक स्पर्धक जळगाव-धुळ्याच्या कापूस पिकवणाऱ्या घरांतले होते. पक्षाच्या भाषणांत विरोधक म्हणजे एसीत बसून शेतकऱ्याला मागासलेपणाचा उपदेश करणारा शहरी पर्यावरणवादी. विपक्षाच्या भाषणांत समर्थक म्हणजे कंपनीचा दलाल, आणि शेतकरी म्हणजे त्याच्या जाहिरातीला भुललेला अडाणी. ज्यांच्या घरात त्याच आठवड्यात वेचणी चालू होती, त्या मुलांच्या भाषणांत ती वेचणी कुठेच नव्हती. गुण द्यायचे म्हणून आम्ही दिले. घरी परतताना मात्र जाणवले की या मुलांना बोलायला शिकवणारे आपणच आहोत. 'विज्ञान : शाप की वरदान' हा निबंध मराठी शाळेतून आलेल्या कोणाला चुकलेला नाही. जगातल्या प्रत्येक नव्या वस्तूला दोनच पेट्या असतात, हा संस्कार भाषेच्या तासाला झालेला आहे.

आता वस्तुस्थिती पाहू. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस शेतांत सापडला. मार्च २००२ मध्ये महिको-मॉन्सँटोच्या तीन संकरित वाणांना केंद्राची अधिकृत मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. देशाची सरासरी उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई होती. २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या घरात पोहोचली. समर्थकांचे भाषण येथे संपते. २०२० नंतर ती पुन्हा साडेचारशेच्या आसपास घसरली, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. विरोधकांचे भाषण बहुधा येथून सुरू होते.

या दोन भाषणांच्या मधली जागा कोणी व्यापली? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन डेव्हिस स्टोन यांनी २०२० मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये लिहिलेल्या निबंधात उत्पादनवाढीचे मोठे श्रेय खते, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांना दिले. बीटीमुळे फवारणी सुरुवातीला कमी झाली आणि पुढे पुन्हा वाढली, असेही त्यांनी मांडले. या निष्कर्षांशी वाद घालता येईल. पण तो घालायचा तर आकडे मांडावे लागतील, आणि लेखक कोणाच्या बाजूचा एवढे विचारून भागणार नाही.

राजकारणाच्या अंगाने पाहिले तर हे साचे आणखीच खिळखिळे होतात. जनुकीय पिकांना विरोध करणारा तो डावा, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात संघपरिवारातला स्वदेशी जागरण मंच आणि भारतीय किसान संघ या बाबतीत डाव्या शेतकरी संघटनांच्या शेजारी उभे आहेत. समर्थक म्हणजे सत्तेचा भाट, ही दुसरी समजूत. शरद जोशी आयुष्यभर सरकारशी भांडले, आणि तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांनी याच भांडणाचा भाग म्हणून मागितले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे त्यांच्या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक-सहनशील बियाण्याची जाहीर लागवड केली, ती कायदेभंग म्हणून. तेव्हाच्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. अशा माणसांना केवळ दलाल म्हणणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. आणि कंपनी हेच जर वैराचे कारण असेल, तर रावेर-यावलच्या केळीबागांत ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांना तसा विरोध का झाला नाही? तीही जैन इरिगेशनसारख्या खाजगी उद्योगाकडूनच आली.

या साचेबंदपणाची किंमत काय, ते एका पाकिटावरून समजेल. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम साधे, बिगर-बीटी बियाणे मिळत असे. शेतकरी त्याला 'रेफ्युजी' म्हणत. शेताच्या कडेने ते लावायचे, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या थोड्या अळ्यांचे पतंग तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर पावतात आणि प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिला साध्या पिकाचा आसरा आपोआप मिळतो. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते. तिच्यासाठी हे पाकीट महत्त्वाचे होते. ते बहुतेक ठिकाणी बांधावर पडले. त्यातच मे महिन्यातली पूर्वहंगामी लागवड आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, यांमुळे अळीला जवळजवळ वर्षभर घर मिळाले. पाकिटाचे महत्त्व सांगावे तर बियाण्याच्या मर्यादा मान्य कराव्या लागत. समर्थकांना ते अडचणीचे होते. 'नीट वापरले तर हे टिकू शकते' असे म्हणावे तर विरोधकांना ते शरणागतीसारखे वाटे. गावोगाव झालेल्या एवढ्या भाषणांत १२० ग्रॅमच्या पाकिटाला वक्ता मिळाला नाही. अळीने मात्र कोणाचा गोट पाहिला नाही.

आणखी एक व्यक्ती या चर्चेत गैरहजर आहे, ती म्हणजे निंदणीला जाणारी बाई. शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात तणनाशक-सहनशील 'चोर बीटी' लोकप्रिय होण्याचे साधे कारण असे की निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. पावसाळ्यातली निंदणी हीच ज्या बाईची हंगामाची मिळकत, तिची अडचणही तितकीच खरी आहे. एकाच गावात, कधी एकाच घरात या दोन्ही गोष्टी नांदतात. समर्थकांच्या कथेत ही बाई 'मजूरटंचाई' होते, विरोधकांच्या कथेत 'पारंपरिक ज्ञानाची वाहक'. दोन्हीकडे तिला संवाद नाही. कादंबरीत असे पात्र आले असते तर आपण त्याला ठोकळेबाज म्हणून नाकारले असते. सार्वजनिक चर्चेत मात्र आपण ते टाळ्या वाजवून स्वीकारतो.

म्हणून हा प्रश्न कृषिशास्त्रज्ञांवर सोपवून मराठीच्या अध्यापकांना मोकळे होता येणार नाही. न्यायशास्त्राने चर्चेचे वाद, जल्प आणि वितंडा असे प्रकार सांगितले: सत्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, स्वतःची बाजूच न मांडता केवळ खंडन करणे ही वितंडा. आपल्या स्पर्धा 'वादविवाद' या नावाने जल्पाचेच शिक्षण देतात. त्याच परंपरेत स्वमत मांडण्याआधी पूर्वपक्ष मांडण्याची रीत होती, आणि तो प्रतिपक्षाला ओळखू येईल असा मांडावा लागे.

धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांची मते जहाल होती आणि त्यांतली कित्येक आज मान्य होणार नाहीत. पण त्यांनी गोळा करून छापलेली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांच्या विरोधकांनाही वापरावी लागतात. साधने दोघांची आणि निष्कर्ष ज्याचे त्याचे, एवढी शिस्त बियाण्याच्या चर्चेत आली तरी पुष्कळ झाले. जनुकीय मोहरीच्या प्रकरणी जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. तो आपापली कारणे लिहून झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखी आहे.

पुढच्या वेळी परीक्षक म्हणून बोलावणे आले तर एक अट घालावी म्हणतो. प्रत्येक स्पर्धकाने आधी तीन मिनिटे विरुद्ध बाजू अशी मांडावी की ती बाजू घेणाऱ्याने मान डोलवावी. मग स्वतःचे बोलावे, आणि त्यात आपल्या घरच्या शेतातली किंवा मजुरीतली एक गोष्ट तरी असावी. कदाचित भाषणे अडखळतील, टाळ्या कमी पडतील. पण त्या अडखळण्यात कोणीतरी १२० ग्रॅमच्या पाकिटाचे काय झाले ते सांगेल.