रक्त तपासलं, माणूस राहिला

गणपतीतल्या रक्तदान शिबिरात मी पिशवीभर रक्त दिलं, चहा-बिस्कीट घेतलं आणि प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला टाकला. काही दिवसांनी फोन आला, "तुमचं रक्त वापरता येणार नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या." कुठल्या डॉक्टरांना, कशासाठी, हे विचारेपर्यंत फोन कट झाला होता.

आमच्या टेमघरमध्ये लिव्हर बिघडलं याचा अर्थ एकच निघतो : पोरगा पितो. मी पीत नाही. मला हेपॅटायटिस बी आहे, बहुधा जन्मापासून. नंतर आईचीही तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह निघाली. आईने आयुष्यात दारूच्या बाटलीला हात लावला असेल तर तो रॉकेल भरायलाच.

बातमी पसरली तशी शेजारच्या मावशी काविळीची माळ घेऊन आल्या. डोक्यावरून खाली उतरत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. माझे डोळे पिवळे नव्हतेच! पण 'कावीळ' या एकाच शब्दात आपण सगळं कोंबलंय. जलशुद्धीकरण केंद्र आमच्याच टेमघरमध्ये असल्यामुळे असेल, इथे प्रत्येकाचा पहिला संशय पाण्यावर. पाण्यातून येते ती ए आणि ई, आणि ती सहसा काही आठवड्यांत बरी होते. बी आणि सी पसरतात रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला. त्या वीस-तीस वर्षं गप्प बसू शकतात आणि मग थेट सिरॉसिस किंवा कॅन्सर होऊन समोर येतात.

मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. चाचणी होत नाही असं नाही. रक्तपेढीत होते, कारण रक्त दुसऱ्याला चढवायचंय. ऑपरेशनआधी होते, कारण सर्जनला जपायचंय. आखाती देशांच्या व्हिसाच्या मेडिकलमध्ये होते, कारण तिथे पॉझिटिव्ह माणूस नकोय. लूम सोडून सौदीला निघालेल्या पोराला 'अनफिट' असा शिक्का मिळतो, आजार कळतो तो शिक्क्यावरून. सगळे आपल्यापासून वाचायला बघतात. आपल्याला वाचवायला कोण तपासतं?

भारत सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. तपासणी मोफत, औषधं मोफत. हेपॅटायटिस सी तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी सहसा पूर्ण जात नाही, पण गरज असेल त्याला रोजच्या एका गोळीने आवरता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात बी असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख लोक होते आणि सीचे ५५ लाख. जगभरात बी झालेल्यांपैकी निदान झालेले फक्त १३ टक्के. उरलेले माझ्यासारखे फोनची वाट बघतायत, आणि त्यातले बरेच रक्तदानही करणार नाहीत.

दारूचं काय, असं कोणी विचारेल. दारू लिव्हर जाळते, त्यात वाद नाही. साखर आणि पोटावरची चरबीही तेच करते. पण उत्पादन शुल्कावर तिजोरी भरायची आणि मग 'व्यसन टाळा'चं पोस्टर चिकटवायचं, याला आरोग्य धोरण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ते पोस्टर माझ्या आईला काय सांगणार होतं? तिला हवी होती गरोदरपणात एक चाचणी, आणि मला हवा होता जन्मल्यावर २४ तासांत लशीचा एक डोस. बाळाला लागण झाली तर दहापैकी नऊ जणांत आजार कायमचा ठाण मांडू शकतो. निरोगी मोठ्या माणसात ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असतं. म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा. ही लस सरकारी लसीकरणात २००२ च्या सुमारास मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. हे वाचणाऱ्यांनो, तुमची जन्मसालं आठवा. तुमच्यातल्या कित्येकांना ती मिळालेलीच नाही. 'लिव्हर डिटॉक्स'चे रील बघून पावडर मागवण्यापेक्षा आधी एचबीएसएजी नावाची रक्ततपासणी करा, निगेटिव्ह आलात तर लशीचे तीन डोस घ्या.

आणि रक्तपेढ्यांनो, 'डॉक्टरांना दाखवून घ्या' हा पत्ता नाही. कुठल्या सरकारी रुग्णालयात, कुठल्या खोलीत, कुठल्या वारी, एवढं कागदावर लिहून द्या. घरच्यांना तपासणीला आणा, हेही त्यावरच लिहा.

गेल्या महिन्यात मी धाकट्या बहिणीला लॅबमध्ये नेलं. चाचणीचं नाव ऐकून खिडकीतल्या माणसाने मान वर न करताच विचारलं, "मॅडम, दुबई की कतार?"