ऑफिस सुटलं, पुढे काय?

सिनेमाचा जन्म झाला तेव्हा पडद्यावर काय दिसलं होतं, सांगा पाहू? प्रेम? मारामारी? पावसातलं गाणं? तिन्ही चूक. पडद्यावर ऑफिस सुटत होतं!

म्हणजे अगदी ऑफिस नाही, कारखाना. फ्रान्समधल्या ल्यों शहरात लुमिएर मंडळींचा फोटोग्राफीच्या प्लेट्स बनवायचा कारखाना होता. १८९५ साली त्यांनी कॅमेरा लावला तो थेट कारखान्याच्या फाटकासमोर. फाटक उघडतं, झगे सावरत बायका बाहेर येतात, मग पुरुष, सायकलवाले, मध्येच एक कुत्रा... पन्नासेक सेकंदांत खेळ खल्लास. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून ज्या दहा फिल्म्स दाखवल्या, त्यात ही होती. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, लुमिएरांचा खेळ मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यातही ही फिल्म होतीच. थोडक्यात काय, घरी पळणाऱ्या नोकरदारांना बघायला लोक तेव्हापासून पैसे मोजतायत.

ही सगळी माहिती मला मिळाली एका कॉलेजच्या पोराकडून. पायात फ्लोटर्स, हातात खरखरणारा माइक, आणि मागे पांढऱ्या पडद्यावर तेच फाटक. स्थळ, विद्यापीठाच्या आवारातलं एक सभागृह. निमित्त, तीन दिवसांचा फ्रेंच सिनेमा महोत्सव. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. प्रवेश फुकट, जो आधी येईल तो पुढे बसेल.

आता तुम्ही म्हणाल, बुधवार ते शुक्रवार? नोकरी करणाऱ्या माणसाने जायचं कधी? बरोबर आहे. कॅम्पसवरचे महोत्सव पोरांच्या सोयीने होतात, आपल्या नाही. मी गुरुवारी हाफ डे टाकला आणि शुक्रवारी सीएल. बॉसला सांगितलं, ‘पर्सनल वर्क आहे.’ तो म्हणाला, ‘बँकेचं का?’ मी म्हटलं, ‘हो.’ एवढंसं खोटं तर आपण सगळेच बोलतो की!

कॅम्पसवर सिनेमा बघण्याची गंमत मी विसरलोच होतो. मल्टिप्लेक्समध्ये खुर्ची आडवी होते, पण पॉपकॉर्नचं बिल बघून आपणही आडवे होतो. इथे खुर्ची करकरते, पंखा गरगरतो, मागच्या रांगेतली मुलगी सबटायटलच्या आधीच हसते (फ्रेंचच्या तिसऱ्या वर्षाला असणार!). मधल्या वेळात बाहेर चहा, वडापाव आणि समोर ती प्रचंड वडाची झाडं. सिनेमा संपला की कुणी पार्किंगकडे धावत नाही. माइक फिरतो, पोरं बेधडक बोलतात. एकाने तर ‘मला झोप लागली’ असंही सांगितलं. टाळ्या पडल्या.

गुरुवारी दुपारी होता ‘प्लेटाइम’. १९६७ चा. दिग्दर्शक आणि हिरो एकच, जाक ताती. उंचपुरा, तोंडात पाइप, अंगात रेनकोट. हे मस्यू ह्युलो एका चकाचक काचेच्या बिल्डिंगमध्ये एका साहेबांना भेटायला येतात आणि भेट काही होतच नाही! एक सीन आहे. ह्युलो वरून खाली बघतात, तर खाली खोक्यांसारख्या केबिन्स ओळीने मांडलेल्या. प्रत्येक खोक्यात एक माणूस. सभागृहात एकदम हशा पिकला, आणि मला माझा फ्लोअर आठवला. गंमत म्हणजे हे आपल्या आयटी पार्कांच्या कितीतरी आधीचं आहे. हे काचेचं शहर तातीने पॅरिसच्या बाहेर चक्क सेट म्हणून उभं केलं होतं. त्या सेटचं नावच पडलं ‘तातीविल’. शूटिंग वर्षानुवर्षं चाललं, पिक्चर पैशांत आपटला, आणि ताती कर्जात बुडाला. खरा आयफेल टॉवर सिनेमात दिसतो तो फक्त काचेच्या दारातल्या प्रतिबिंबात. सगळ्या शहरांमधली ऑफिसं सारखीच, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

बाहेर आलो तर चहाच्या टपरीशी आमचा बंड्या! (खरं नाव सांगत नाही. त्याला विचारूनच लिहितोय, पण नाव गाळायच्या अटीवर.) कॉलेजचा दोस्त. नोकरी हिंजवडीला, फ्लॅट, फ्लॅटचा हप्ता, एक मुलगी सीनियर केजीत. हातात महोत्सवाचं पत्रक, त्यावर पेनाने टिका. बुधवारचेसुद्धा सगळे शो.

‘अरे, तू? तीन दिवस सुट्टी?’

‘कॉम्प ऑफ साठले होते रे.’

मला हेवा वाटला. आमच्याकडे कॉम्प ऑफ साठत नाहीत, विरघळतात. दुसऱ्या शोला वेळ होता म्हणून आम्ही गवतावर बसलो. बंड्याने लॅपटॉपची बॅग डोक्याखाली उशीसारखी घेतली आणि मस्त आडवा झाला. माझ्या मनात आलं, बाबा रे, स्क्रीन फुटेल! पण बोललो नाही.

शुक्रवारी सकाळी ‘ह्यूमन रिसोर्सेस’. १९९९ चा, दिग्दर्शक लोरां काँते. पॅरिसला मॅनेजमेंट शिकणारा फ्रांक आपल्या गावच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून येतो. तोही एचआरमध्ये! त्याच कारखान्यात त्याचा बाप तीस वर्षं मशीनवर उभा आहे. फ्रान्समध्ये तेव्हा आठवड्याला पस्तीस तास कामाचा कायदा येत होता. (पोरांनी आधी हे समजावून सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, ‘पस्तीस? आमचे बुधवारीच होतात!’) फ्रांक उत्साहाने कामगारांची मतं गोळा करतो आणि मग त्याला कळतं, की या सगळ्याच्या आडून लोकांना कमी करायचं चाललंय. यादीत त्याच्या बापाचंही नाव आहे. बाप मात्र खाली मान घालून मशीन चालवतच राहतो. पोराला सर्वात जास्त राग येतो तो बापाच्या या मान खाली घालण्याचा. फ्रांकची भूमिका करणारा जालिल लेस्पेर सोडला तर यातले बहुतेक कलाकार व्यावसायिक नट नाहीतच. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतले डबे आणि टोमणे एकदम खरे वाटतात.

बंड्या माझ्या शेजारी. लाइट लागले तरी उठेना.

दुपारी तीनला काँतेचाच दुसरा सिनेमा, ‘टाइम आउट’, २००१ चा. मूळ फ्रेंच नाव ‘लांप्ल्वा द्यू ताँ’. माइकवाल्या पोराने सांगितलं, याचा साधा अर्थ वेळापत्रक. पण यातल्या ‘आंप्ल्वा’ या शब्दाचा नुसता अर्थ नोकरी असाही होतो. म्हणजे एकाच नावात वेळही आली आणि नोकरीही.

गोष्ट ऐका. व्हँसां हा चांगला शिकलेला, टायवाला कन्सल्टंट. बायको, मुलं, घर, सगळं व्यवस्थित. त्याची नोकरी गेलीय आणि त्याने घरी सांगितलेलंच नाही. रोज गाडी काढायची, हायवेवर भटकायचं, गाडीतच झोपायचं आणि बायकोला फोन करायचा, ‘मीटिंग लांबली गं.’ मग एक थाप निभवायला दुसरी. आता म्हणे त्याला जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांत मोठी नोकरी लागलीय! तिथल्या एका ऑफिसात जाऊन तो नुसता कॉरिडॉरमधून फिरतो, माहितीपत्रकं उचलतो, लोक बोलतात ते ऐकतो, आणि घरी येऊन तेच सांगतो. वडील कौतुकाने पैसे देतात. जुने मित्र गुंतवणूक म्हणून पैसे देतात. एकदा तो कबूल करतो, की नोकरीत त्याला खरं आवडायचं ते फक्त गाडी चालवणं. मीटिंगला जाताना वळण आलं तरी वळायचाच नाही.

हा सिनेमा सुचला तो फ्रान्समधल्या एका भयंकर खऱ्या प्रकरणावरून. झां-क्लोद रोमाँ नावाचा एक माणूस अठरा वर्षं स्वतःला डॉक्टर म्हणवून जगला आणि १९९३ मध्ये, बिंग फुटायची वेळ आल्यावर, त्याने आपल्या कुटुंबाचा जीव घेतला. काँतेने ते रक्त सिनेमात घेतलंच नाही. त्याचा शेवट होतो एका इंटरव्ह्यूत. समोरचा साहेब जबाबदाऱ्या समजावून सांगतोय, व्हँसां मान डोलावतोय, आणि त्याचा चेहरा बघवत नाही.

माइक फिरला. एका मुलीने निरागसपणे विचारलं, ‘पण शेवटी जॉब मिळतोय ना? मग हा हॅपी एंडिंगच झाला की!’ सभागृहात जे पाच-सहा जण नोकरी करणारे होते, ते एकदम हसले. पोरांना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे. बंड्या हसला नाही.

बाहेर आल्यावर चहा घेतला. दोन घोट झाल्यावर तो म्हणाला, ‘सात आठवडे झाले.’

‘कशाला?’

‘मला काढून.’

मग सगळंच बाहेर आलं. एका सकाळी दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, दुपारी आयकार्ड आणि लॅपटॉप जमा, दोन महिन्यांचा पगार हातात. त्या संध्याकाळी घरी सांगणारच होता, पण मुलीला ताप होता. दुसऱ्या दिवशी वडील गावाहून आले होते. तिसऱ्या दिवशी सवयीने साडेआठला बाइक काढली, आणि मग रोजच काढायला लागला. आधी मॉलचं फूड कोर्ट. मग कॉफी शॉप, पण तिथे बसायलाच दोनशे रुपये लागतात. मग कुणीतरी नाही, पायांनीच त्याला विद्यापीठात आणलं. इथे वडाखाली बसायला कुणी बिल देत नाही. महोत्सवाचं पत्रक त्याला इथल्याच झाडावर लावलेलं दिसलं.

‘तो जिनिव्हाला जातो, मी वडाखाली येतो, एवढाच फरक,’ तो म्हणाला. ‘संध्याकाळी बाल्कनीत हेडफोन लावून कॉल घेतो रे मी. समोर कुणी नसतं. परवा तर बायकोला सांगितलं, अप्रेझल चांगलं झालं!’

त्याची बॅग मी उचलून बघितली. डबा, पाण्याची बाटली आणि बॅग भरलेली दिसावी म्हणून घडी घातलेलं जॅकेट.

मला तेव्हा काय बोलावं सुचलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आला माझाच हप्ता. नंतर सुचलं ते असं. नोकरी जाणं वाईटच. पण घरी न सांगणं ही दुसरी नोकरी आहे, तीही फुल टाइम! तिला वीकएण्ड नाही, सीएल नाही, पगार तर नाहीच नाही. आणि या नोकरीत माणूस इतका बिझी होतो, की पहिली नोकरी शोधायला त्याला वेळच उरत नाही. सात आठवड्यांत बंड्याने किती ठिकाणी अर्ज केला होता? तीन. बाकीचा सगळा वेळ थापा जुळवण्यात गेला. व्हँसांचंही हेच झालं होतं. फक्त त्याच्याकडे गाडी होती आणि बाहेर बर्फ होता.

मी एवढंच म्हटलं, ‘आज सांग. मी खाली थांबतो, हवं तर.’

तो म्हणाला, ‘नको, मी सांगतो.’

रात्री सव्वाअकराला मेसेज आला, ‘सांगितलं.’ दुसरा मेसेज मिनिटभराने, ‘तिला तिसऱ्या आठवड्यापासून माहिती होतं.’ कसं? बॅग! रोज सकाळी ती दाराजवळून उचलून त्याच्या हातात द्यायची. लॅपटॉपचं वजन बायकोच्या हाताला कळणार नाही, होय? ती वाट बघत होती, हा कधी बोलतो याची. मग दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. नोकरी गेली म्हणून नाही, सांगितलं नाही म्हणून. वडिलांना फोन तिनेच लावला आणि रिसीव्हर याच्या हातात दिला. वडील म्हणाले, ‘माझी गिरणी बंद पडली तेव्हा मीसुद्धा पंधरा दिवस डबा घेऊन बाहेर पडत होतो.’ हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

बंड्याला नोकरी लागलीय का? नाही अजून. दोन इंटरव्ह्यू झाले, तिसरा पुढच्या आठवड्यात. हप्ता सध्या बायकोच्या पगारातून जातो. बाइक मात्र आता दहाला निघते, ती मुलीला शाळेत सोडायला.

तुमच्या शहरात विद्यापीठ असेल, परदेशी भाषांचा विभाग असेल किंवा फिल्म क्लब असेल, तर त्यांच्या नोटीस बोर्डावर अधूनमधून नजर टाकत जा. एखादा सीएल टाका. सबटायटलची भीती दहा मिनिटांत जाते. काँते २०२४ मध्ये वारला. त्याच्या ‘द क्लास’ला २००८ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं होतं, तोही कुठे लागला तर सोडू नका. आणि मधल्या दिवशी दुपारच्या शोला कुणी जुना दोस्त भेटला, तर नुसता हेवा करू नका. चहा पाजा, आणि जमलं तर त्याची बॅग एकदा उचलून बघा.