फर्दापूरच्या पोरांचा गेम आणि ‘जय भीम’ काढा म्हणणारे

अजिंठा बघायला येणाऱ्यांना फर्दापूर माहीत असते ते टी-पॉइंटमुळे. इथे गाडी लावायची, एसटीच्या बसमध्ये बसायचे आणि चार किलोमीटरवर लेणी. ज्यांचे आईबाप याच टी-पॉइंटवर रंगीत दगड, माळा आणि माहितीपुस्तिका विकतात, त्यातल्या चार पोरांनी दोन वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार केला. विहाराच्या मागच्या खोलीत, एका जुन्या लॅपटॉपवर, गोदो नावाच्या फुकट मिळणाऱ्या इंजिनवर. तो प्रकाशित करायला आम्ही काही कार्यकर्ते त्यांच्यासोबत फिरतो आहोत. फिरताना जे ऐकावे लागले, त्यावर बोलणे भाग आहे.

गेम साधा आहे. लेण्यांत वीज नव्हती तेव्हा दारात बसून चकचकीत पत्र्याने ऊन आत फेकणारी माणसे असत. एका पोराचे आजोबा हेच काम करायचे. खेळणाऱ्याने तो पत्रा फिरवायचा. ऊन सरकत जाते, कवडसा भिंतीवर नेमका पडला तर तेवढा भाग उजळतो आणि जातककथा पुढे जाते. ऊन संपले की कथा अर्धी राहते, दुसऱ्या दिवशी परत यायचे. शेवटी दमलेले डोलीवाले पायऱ्या उतरतात आणि एकमेकांना ‘जय भीम’ म्हणून घरी जातात. बस, एवढाच गेम.

शहरातल्या एका प्रकाशकाला तो आवडला. म्हणाला, आम्ही काढतो, फक्त दोन गोष्टी बदला. जातक कोणाला कळत नाही, पुराणातली देव-असुरांची कथा घ्या. आणि ते ‘जय भीम’ काढा, गेम न्यूट्रल राहू द्या.

न्यूट्रल! अजिंठ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बौद्ध पोरांनी जातक सोडून पुराण घ्यायचे, याला न्यूट्रल म्हणतात.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. भारतात बनलेला गेम जगभर गाजला, ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी नामांकन मिळाले. २०१७ मध्ये याच लोकांनी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली होती आणि ठरवलेली रक्कम जमली नव्हती. तरी ते टिकले. त्यांच्या चिकाटीबद्दल आम्हाला आदरच आहे. त्यांच्या गेममध्ये दुर्गा आहे, विष्णू आहे, तो त्यांचा अधिकार. पण दुर्गा आली की ती ‘भारतीय संस्कृती’ आणि डोलीवाल्याने जय भीम म्हटले की ते ‘राजकारण’, हा हिशोब कोणी मांडला? ज्याच्या घरात जे बोलतात ते त्याच्या गेममध्ये येणारच.

अलास्कातल्या इनुपियात आदिवासींनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. तिथल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल या संस्थेने गेम कंपनी काढली, ई-लाइन मीडियासोबत भागीदारी केली आणि २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ बाजारात आणला. गोष्ट त्यांची, निवेदन त्यांच्या भाषेत. म्हाताऱ्या कथाकारांना सोबत घेऊन काम झाले. समाजाच्या संस्थेने पैसा घातला म्हणून कोणी ‘भाषा बदला’ म्हणू शकले नाही.

आपल्याला हे नवीन आहे का? ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला. याच जिल्ह्यात गंगाधर पानतावणे सरांच्या ‘अस्मितादर्श’ने किती तरी पोरांची पहिली कविता, पहिली कथा छापली. त्यातली सगळीच काही थोर नव्हती. पण पहिले लेखन छापून आल्याशिवाय दुसरे लिहिले जात नाही. गेमचेही तेच आहे, आणि आज गेमसाठी आपल्याकडे एकही ‘अस्मितादर्श’ नाही.

आता घरच्यांशी. आमच्या काही ज्येष्ठांनी विहारातच सुनावले की पोरांना एमपीएससीला बसवायचे सोडून खेळात काय गुंतवता, बुद्धांनी खेळ निषिद्ध मानले आहेत. पहिले वाक्य आम्हीही याच पोरांना दोन वर्षांपूर्वी ऐकवले होते, ते कबूल करतो. दुसरे मात्र तपासू. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात पटावरच्या आणि फाशांच्या खेळांची यादी आहे, खरे आहे. पण ती श्रमण काय टाळतो याची यादी आहे. गृहस्थाला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे आणि तिथे धन नासण्याच्या कारणांत जुगार सांगितला आहे. जुगार वेगळा, खेळ वेगळा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली, बाकीच्यांवर नाही. आणि जुगार दाखवायचाच नाही असेही नाही. लेणे क्रमांक २ मध्ये विधुरपंडित जातक रंगवले आहे, त्यात राजा फाशांच्या डावात आपला शहाणा मंत्री हरून बसतो. आमच्या पोरांच्या गेमचा तिसरा टप्पा तोच आहे.

पैशाचे बोलू. स्टीमवर गेम टाकायला दर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, विक्री हजार डॉलरवर गेली की ते परत मिळतात. विक्रीतला ३० टक्के वाटा स्टीम ठेवते. पहिल्यांदा पैसे भरल्यावर ३० दिवस थांबावे लागते. गुगल प्लेची नोंदणी एकदाच, २५ डॉलर. इच डॉट आयओवर प्रवेश फुकट. म्हणजे स्टीम आणि गुगल मिळून सव्वाशे डॉलर. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च आठवा. आम्ही डीजेच्या विरोधात नाही म्हणायची पद्धत आहे, आम्ही आहोत.

सरकारकडेही मागायचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन-गेमिंगचे धोरण मंजूर केले, २०५० पर्यंत सुमारे ३,२६८ कोटींचे. यातला किती पैसा सोयगाव तालुक्यापर्यंत येणार? बार्टीने स्पर्धा परीक्षांसोबत पहिल्या गेमसाठीही निधी ठेवावा, समाजकल्याणच्या वसतिगृहांत चांगले संगणक द्यावेत. भीक नाही, वाटा मागतो आहोत.

कागदांचे सगळ्यात महत्त्वाचे. त्या प्रकाशकाने दिलेल्या करारात सगळे हक्क कायमचे आणि जगभरासाठी त्याच्या नावावर होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून समोरचा ‘कायमचे’, ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम लिहितो. ते खोडायची हिंमत ठेवा. दुसरे, चौघांतला एक सतरा वर्षांचा आहे. अज्ञान मुलाचा करार कायद्याने रद्दबातल असतो, त्यामुळे खाते मोठ्याच्या नावावर उघडले. पण कोणाचा किती वाटा हे साध्या कागदावर चौघांनी आणि पालकांनी सह्या करून ठेवले. मैत्री तुटते ती पहिला पैसा आल्यावर, हे आम्ही संस्थांत पुरेसे पाहिले आहे.

फर्दापूरला कागदाचे मोल जास्त आहे. १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅमचा चित्रकारांचा तळ इथेच होता, नंदलाल बोससारखे लोक होते. नकला काढल्या, १९१५ मध्ये लंडनहून ग्रंथ निघाला. त्याआधी मेजर गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. या भिंतींवरून बाहेरच्यांनी पुष्कळ काही नेले. पायथ्याच्या गावाने स्वतःच्या सहीने अजिंठ्यावर काही प्रकाशित केल्याचे आमच्या पाहण्यात पहिल्यांदाच येते आहे.

प्रकाशकाला आम्ही नाही कळवले. ‘जय भीम’ गेममध्ये आहे.

आता एकच अडचण आहे. गुगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्याला गेम खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावे लागते. मध्येच कोणी बाहेर पडला तर मोजणी बिघडते. आठ जण झाले आहेत. ज्यांच्याकडे अँड्रॉइड फोन आहे आणि जे चौदा दिवस नेटाने टिकतील त्यांनी या रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात यावे. फोन चार्ज करून आणा, मागच्या खोलीत प्लग एकच आहे.