उपशाच्या विहिरीत कोण उतरणार ?

कुपवाडकरांनी गटारासाठी किती वर्षे वाट पाहिली, याचा हिशोब कोणी मांडला नाही. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका ९ फेब्रुवारी १९९८ रोजी अस्तित्वात आली. नावात कुपवाड आले, घरपट्टीच्या बिलावर कुपवाड आले. भूमिगत गटार तेवढे आले नाही. औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेल्या या गावाने दोन दशकांहून अधिक काळ उघड्या गटारांवर आणि संडासाच्या टाक्यांवर दिवस काढले, तेव्हा कोठे ड्रेनेज योजनेस शासनाची मंजुरी मिळाली. ती मिळाली याचा आम्हालाही आनंद आहे. उघडे गटार कोणाच्या दारावरून वाहते, हे आम्हास कोणी शिकवावयास नको. तेव्हा या लेखाचा रोख योजनेविरुद्ध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. अशा योजनांची चर्चा होताना जो प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, त्या प्रश्नाकडे हा रोख आहे.

प्रश्न समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र समजून घ्यावे लागते. गटाराचे पाणी उताराने वाहते. दीडशे मिलिमीटरच्या नळीला साधारणपणे दीडशे ते दोनशे मीटर अंतरात एक मीटर उतार द्यावा लागतो, नाहीतर पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. असा उतार देत एक किलोमीटर गेले की नळी पाच-सहा मीटर खोल पोहोचते. त्यापुढे खणणे खर्चाचे आणि धोक्याचे होते. मग तेथे एक खोल विहीर बांधतात, सांडपाणी तीत सोडतात आणि पंपाच्या जोराने बंद नळीतून पुढच्या उंचावरील मॅनहोलमध्ये चढवतात. यालाच पंपिंग स्टेशन म्हणावयाचे. शहर जसजसे कडेकडेने पसरते, तसतशी ही केंद्रे वाढत जातात. सांगलीकरांना हा प्रकार नवा नाही. शेरी नाल्याचे सांडपाणी कृष्णेत जाऊ नये म्हणून ते उपसून धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजना याच तत्त्वावर उभी आहे, आणि उपसा थांबला की नदीचे काय होते हेही सांगलीने वारंवार पाहिले आहे.

आता विहिरीत डोकावून पाहू. सांडपाण्याबरोबर तीत चिंध्या, केस, प्लॅस्टिकच्या पिशव्या, गोणपाट असे सर्व काही येते. जाळी तुंबते, पंपाचे पाते अडते. शिवाय बंद नळीत पाणी हवेवाचून तासन् तास पडून राहते. तेथे जे जंतू वाढतात ते पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. नळी जेथे पुढच्या मॅनहोलमध्ये उघडते, तेथे हा वायू मोकळा होतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. प्रथम कुजक्या अंड्यासारखा वास येतो; वायूचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच मरते आणि उतरलेल्या माणसास वाटते की वास गेला, म्हणजे धोका टळला. आधी उतरलेला बेशुद्ध पडतो, त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि वर दोन प्रेते येतात.

यावर कायदा नाही काय ? आहे. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनीच, अंमलात आला. त्याचे कलम ७ गटाराच्या व टाकीच्या धोकादायक सफाईस मनाई करते. ती मोडणारास पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३३ तर स्थानिक संस्थेवर कर्तव्यच लादते की तिने सफाईसाठी योग्य यंत्रसामग्री वापरावी. कागदावर याहून अधिक काय हवे ?

पण कायद्याच्या पोटात त्याचे नियम असतात आणि नियमांच्या पोटात अपवाद. त्याच वर्षीच्या नियमांपैकी तिसरा नियम वाचकांनी मुद्दाम काढून वाचावा. माणसाने संरक्षक साधने घालून गटारात केव्हा उतरावे, याची यादी त्यात आहे. तीनशे मिलिमीटरहून मोठी नवी वाहिनी जुन्या वाहिनीस जोडावयाची असेल तेव्हा. आणि उपसा विहिरीच्या तळाशी बसविलेले पाणबुडे पंप बाहेर काढावयाचे असतील तेव्हा. म्हणजे वाढत्या शहराचे गटार पंपांच्या बळावर पुढे नेताना जी दोन कामे हटकून करावी लागतात, नेमकी त्याच दोन कामांसाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. उरलेले एक दार तर त्याहून रुंद आहे : मुख्याधिकाऱ्याने लेखी कारण नोंदविले की कोणतीही ‘अत्यावश्यक’ परिस्थिती पुरते. शिवाय ‘धोकादायक सफाई’ ही संज्ञाच अशी बांधली आहे की साधने दिली व दक्षता घेतली, असे दाखविता आले की सफाई धोकादायक ठरत नाही.

कोर्टात हा अपवाद कसा वापरला जातो, ते मी पाहिले आहे. अशाच एका दाव्यात ठेकेदाराचे म्हणणे असे होते की मयतास कोणी उतरविलेच नाही, तो आपण होऊन उतरला. मुखवटा व दोर कार्यालयात ठेवलेले होते, त्याने ते मागितले नाहीत. मुखवटा कपाटात आणि माणूस विहिरीत ! मयताच्या पत्नीस साक्षीत विचारण्यात आले की नवऱ्यास प्रशिक्षण मिळाले होते काय. त्या बाईने उलट विचारले, “साहेब, पंप वर काढायला माणूसच का लागतो ?” तिच्या प्रश्नाची नोंद झाली नाही, कारण साक्षीदाराने प्रश्न विचारावयाचे नसतात.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांना ठाऊक आहे. माणूस लागत नाही. पंप उभ्या लोखंडी दांड्यांवर बसविता येतो. बिघडला की साखळीने वर ओढावा, दुरुस्त करून पुन्हा खाली सोडावा, तळाशी तो आपल्या वजनाने नळीस जाऊन बसतो. ही काही स्वप्नातील कल्पना नव्हे, बाजारात मिळणारी सामान्य वस्तू आहे. किंवा पंप शेजारच्या कोरड्या खोलीत ठेवावा. जाळी यंत्राने वर खेचली जाणारी घ्यावी. हे सर्व आराखड्याच्या वेळी करावयाचे असते. विहीर बांधून झाल्यावर उरतो तो दोर आणि माणूस. खर्च वाढतो, असे कोणी म्हणेल. वाढत असेल. पण मेलेल्या माणसाचा खर्चही आता ठरलेला आहे : सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो दहा लाख ठरविला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी तीस लाख केला. मृत्यूची किंमत अशी तिप्पट झाली, तरी निविदेत स्वस्त पंपच बसावा, हा कोणत्या पाठशाळेतील हिशोब ?

आणि तो माणूस कोण असतो ? केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार व टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद झाली. २०२४ मध्ये बाहेर आलेल्या आकड्यांप्रमाणे त्यांत अनुसूचित जातींचे जवळजवळ ६९ टक्के होते. हा योगायोग नव्हे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महारवतनासंबंधी विधेयक मांडले, ते याच रोगाविरुद्ध : जन्माने मिळालेले काम आणि त्या कामाने पक्की होणारी जात. वतने कायद्याने गेली. सफाई कामगारांच्या वारसांस तीच नोकरी देणारी लाड-पागे समितीची शिफारस मात्र आज आपलेच बांधव हक्क म्हणून जपतात. मी त्यांना दोष देत नाही; ठेकेदारीच्या काळात कायम नोकरीचा तेवढाच एक आधार उरला आहे. पण बापाची झाडणी मुलाच्या हाती देणाऱ्या या हक्काविषयी आपल्याच सभांत एकदा मोकळेपणाने बोलले पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. त्या यादीत सांगली नाही. म्हणून काय कलम ७ आणि कलम ३३ टोलनाक्यावर थांबतात ? कुपवाडच्या नागरिकांनी आताच, खड्डे उघडे असताना, माहितीच्या अधिकाराखाली निविदेची प्रत मागवावी आणि तीत तीन गोष्टी शोधाव्यात. पंप वरून काढता येईल असा आहे काय. जाळी यंत्राची आहे काय. आणि जुन्या वाहिनीस नवी जोडताना जुनीतील प्रवाह आधी वळवून, वायू मोजून काम करण्याची अट व त्यासाठीची रक्कम ठेकेदाराच्या करारात आहे काय. नसेल तर जिल्हा दक्षता समितीकडे लेखी अर्ज द्यावा; तिला या कायद्याने अस्तित्व दिले आहे, तिने बैठक घ्यावी. आणि नियम ३ मधील पंपांचा अपवाद रद्द करावा, अशी मागणी केंद्र सरकारकडे प्रत्येक बुद्धविहारातून, प्रत्येक कामगार संघटनेतून गेली पाहिजे. नियम शासनाने केले आहेत. ते बदलण्यास घटनादुरुस्ती लागत नाही, एक अधिसूचना पुरते.