कुत्रा पुढे, मालक मागे

सकाळी फिरायला नेलेला कुत्रा साखळी ताणून पुढे पळू लागला, की मालक वैतागतो. युरोपातल्या हौशी मंडळींनी मात्र कुत्र्याच्या याच खोडीचा खेळ बनवला. त्याचे नाव कॅनिक्रॉस.

या खेळाचे मूळ बर्फाळ मुलुखातल्या कुत्र्यांच्या गाड्यांत आहे. १९२५च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्र्यांनी टप्प्याटप्प्याने जवळपास १,०८५ किलोमीटरचा पल्ला साडेपाच दिवसांत तोडून औषध पोहोचवले. बर्फ नसलेल्या दिवसांत अशा कुत्र्यांचा सराव राहावा, म्हणून गाडीवान त्यांच्याबरोबर धावू लागले. त्यातूनच हा खेळ रुजला. सायकल ओढवली तर तो बाइकजोरिंग, बर्फावर स्की घातलेल्या माणसाला ओढवले तर स्कीजोरिंग.

साहित्य मोजकेच. धावणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा, कुत्र्याच्या अंगात छातीवर नीट बसणारा हार्नेस आणि दोघांना जोडणारी, ताण सोसणारी लवचीक दोरी. गळपट्ट्याला दोरी बांधणे मात्र कटाक्षाने टाळावे. ओढताना कुत्र्याचा गळा आवळला जातो.

पिल्लाला जुंपण्याची घाई करू नये. हाडांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष-दीड वर्ष, मोठ्या जातींत त्याहूनही अधिक काळ लागतो. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेत. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना यातून वगळलेलेच बरे.

खरा धोका उन्हाचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. थंड देशांतही हवा तापली की शर्यती आखडत्या घेतात किंवा रद्द करतात. मग आपल्याकडे तर पहाटेचा गारवाच धरायला हवा. डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. चटका बसला तर कुत्र्याचे पंजेही भाजणार. जोराची धाप, भरपूर लाळ, लालभडक जीभ, झोकांड्या यांपैकी काहीही दिसले, तर धावणे तिथेच थांबवावे. कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे आणि तातडीने पशुवैद्याकडे न्यावे.

धन्याच्या पुढे धावण्याच्या आनंदात कुत्रा थकवा विसरतो, आपणहून थांबत नाही. म्हणून दोरी ओढायचे काम त्याचे असले, तरी कुठे थांबायचे हे ठरवायचे काम धन्याचेच.