माहुलवेलीचा गुन्हा काय?

गेल्या उन्हाळ्यात भंडाऱ्याहून कोक्याकडे जाताना रस्त्यालगतच्या एका जंगलपट्ट्यात मला तोडलेली माहुलवेल दिसली. मांडीएवढं जाड खोड, गुडघ्याच्या उंचीवर कुऱ्हाडीनं दोन तुकडे केलेलं. वरची वेल अजून ऐनाच्या झाडावर तशीच लटकलेली, तळहाताहून मोठी पानं वाळून करडी झालेली. ज्या झाडाला वाचवायला ही तोड केली, तो ऐन आतून पोकळ होता. त्याचं लाकूड कोणी फुकटही नेलं नसतं.

याला वेलतोड म्हणतात. इंग्रजांच्या काळात लाकूड हे जंगलाचं पीक ठरलं आणि वेल तण ठरली. राज्यं बदलली, कुऱ्हाड तीच राहिली. सागाच्या रोपवनात कोवळं खोड वेलीनं आवळू नये म्हणून ती कापली, तर माझी तक्रार नाही. पण उरल्यासुरल्या नैसर्गिक जंगलातही तोच नियम?

वेलींची बाजू घेताना एक गोष्ट लपवता येत नाही. पनामात वेली काढून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली आले. वेलींमुळे तिथल्या जंगलाची वर्षाकाठी कार्बन साठवण्याची क्षमता सुमारे ७६ टक्क्यांनी घटत होती. वेल झाडाचं ऊन खाते, पाणी पिते, हे खरंच आहे. मात्र ते जंगल आपल्यापेक्षा कितीतरी ओलं, आणि जंगलाची किंमत फक्त कार्बनमध्ये करायची हे कोणी ठरवलं?

भंडाऱ्याचं जंगल आता सलग नाही. कोका २०१३ साली अभयारण्य झालं, पवनीच्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला आहे, आणि मधे धानाच्या बांध्या, वैनगंगा, महामार्ग. जंगलाचा तुकडा पडला की कडेनं ऊन शिरतं. पंखवाल्या बियांच्या वेली, उक्षीसारख्या, वाऱ्यावर येऊन तिथं माजतात. ते बघून आपण म्हणतो, वेलींनी जंगल खाल्लं. जंगल आधी आपण कापलेलं असतं.

माहुलीचं तसं नाही. तिच्या शेंगा उन्हात तडकतात, बी उडून थोड्या अंतरावर पडतं. ते महामार्ग ओलांडून पलीकडच्या तुकड्यात जाणार नाही. एका तुकड्यातली म्हातारी माहूल संपली की तिथली माहूल संपली, असंच धरून चालावं. मालकांगोणीला निदान पक्षी आहेत, तेही तो पट्टा ओलांडत असतील तर. कुऱ्हाड असला भेद करत नाही. उलट तोडलेली चिवट वेल बुडातून तीन-चार धुमारे काढते, मोकळ्या झालेल्या उजेडात रायमुनिया घुसते, आणि पुढच्या खेपेला आणखी तोड काढावी लागते. मजुरीचा हिशेब तेवढा चोख.

माहुलीच्या पानांच्या पत्रावळीवर या भागातल्या किती लग्नांच्या पंगती उठल्या. सालीचे दोर वळले, बिया भाजून खाल्ल्या. वानरं तिच्यावरूनच या झाडावरून त्या झाडावर जातात. (करोनात गुळवेलीला अचानक भाव आला, तेव्हा वेलही वनस्पती असते हे शहराला कळलं. लगेच तीही ओरबाडली गेली.)

माझी मागणी मोठी नाही. नैसर्गिक जंगलाच्या तुकड्यांत सरसकट वेलतोड थांबवा. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजता, तशी मनगटाहून जाड प्रत्येक वेल मोजा, तिचं नाव लिहा. ते नाव गावातल्या पत्रावळ्या लावणाऱ्या बाईला विचारा, तिला बहुतेक ठाऊक असेल. एखादी वेल तोडायचीच असेल, तर कोणत्या झाडासाठी तोडली तेही त्याच ओळीत लिहा. कोक्याच्या वाटेवरच्या त्या पोकळ ऐनापुढे काय लिहिलं असतं, ते मला वाचायचं आहे.